विमा कंपन्या तीस, तरी मेडिक्लेमचा हप्ता का चढतो?

२०२४ च्या दिवाळीआधी कराडहून मामांचा फोन आला. मामा निवृत्त मुख्याध्यापक, तेव्हा वय ६६. मामा-मामींची मिळून ५ लाखांची पॉलिसी २०१२ पासून चालू आहे. बारा वर्षांत एकच क्लेम, तोही मामींच्या मोतीबिंदूचा. आदल्या वर्षीचा ४१,३०० रुपयांचा हप्ता एकदम ५२,६०० झाला होता. मामा रागावले नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं. म्हणाले, "अगं, मोबाइल कंपन्या वाढल्या तेव्हा फोन स्वस्त झाला. विमान कंपन्या वाढल्या तेव्हा आपल्यासारखी माणसं विमानात बसली. मग विमा कंपन्या इतक्या वाढल्यावर माझाच हप्ता का चढतो?"

प्रश्न अगदी रास्त आहे. फोनवर मला तो नीट समजावता आला नाही, म्हणून हा लेख.

आधी चारच दुकानं होती

१ जानेवारी १९७३ पासून देशातला सर्वसाधारण विमा सरकारच्या हातात आला. शंभरावर खासगी कंपन्या एकत्र करून चार सरकारी कंपन्या झाल्या. न्यू इंडिया मुंबईत, नॅशनल कोलकात्यात, ओरिएंटल दिल्लीत आणि युनायटेड इंडिया चेन्नईत. या चौघींनी १९८६ मध्ये 'मेडिक्लेम' नावाची पॉलिसी आणली. डालडा हे जसं सगळ्याच वनस्पती तुपाचं नाव झालं, तसं आपल्या घरांत मेडिक्लेम म्हणजे आरोग्य विमा असं झालं.

१९९९ मध्ये विमा नियामकाचा, म्हणजे आज आपण इर्डाई म्हणतो त्या संस्थेचा कायदा झाला आणि खासगी कंपन्यांना दार उघडलं. २००६ मध्ये फक्त आरोग्य विमा विकणारी पहिली कंपनी उभी राहिली. आज आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्या तीसच्या आसपास आहेत आणि वर्षाचा गोळा होणारा हप्ता एक लाख कोटी रुपयांच्या पुढे गेला आहे. म्हणजे दुकानंही आहेत आणि गिऱ्हाइकंही. तरी भाव उतरत नाही.

तालमीशेजारची खाणावळ

कोल्हापुरात एका तालमीशेजारी महिन्याच्या दराने जेवण देणारी खाणावळ आहे असं समजू. मेंबर १००. त्यांतले ७५ कॉलेजातले विद्यार्थी. एकेकाचं महिन्याचं खाणं २,००० रुपयांचं. उरलेले २५ पैलवान, त्यांचं खाणं प्रत्येकी ६,००० रुपयांचं. एकूण खर्च ३ लाख, माणशी ३,०००. मालकाने तोच दर लावला.

थोड्याच दिवसांत विद्यार्थ्यांच्या लक्षात येतं की आपण २,००० चं खातो आणि ३,००० भरतो. तिसांनी खाणावळ सोडली. आता ४५ विद्यार्थी आणि २५ पैलवान. खर्च २ लाख ४० हजार, म्हणजे माणशी जवळपास ३,४३०. दर वाढला तसे आणखी २५ विद्यार्थी गेले. उरले २० विद्यार्थी आणि २५ पैलवान. दर ४,२०० च्या वर. या काळात भाजी महाग झाली नाही, मालकाने नफा वाढवला नाही, पैलवानांनी एक भाकरी जास्त खाल्ली नाही. कमी खाणारे गेले, एवढंच झालं.

विम्याच्या शास्त्रात याला 'प्रतिकूल निवड' म्हणतात. ज्याला गरज जास्त तो टिकून राहतो, ज्याला कमी तो निघून जातो, आणि उरलेल्यांचा भाव चढतो. मोबाइलच्या धंद्यात हे होत नाही. कोण किती बोलतो यावरून कंपनीचं टॉवर बुडत नाही. आरोग्य विम्यात मात्र गिऱ्हाईक कोण आहे यावरच मालाची किंमत ठरते. मामांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

स्पर्धा होते, पण कशासाठी?

आता समोरच्या गल्लीत दुसरी खाणावळ निघाली. तिने तुमचं वजन, तुमची भूक विचारून मगच मेंबर करायला सुरुवात केली. दर २,२००. तिचं जेवण जास्त चांगलं असेल असं नाही, स्वयंपाकी जास्त हुशार असेल असंही नाही. तिने फक्त मेंबर निवडले.

आरोग्य विम्यात हे निवडणं उघडपणे चालतं आणि नियमात बसतं. अर्जदाराचं वय, जुने आजार, तपासण्यांचे रिपोर्ट बघून त्याला घ्यायचं का, कोणत्या दराने घ्यायचं, हे कंपनी ठरवते. मधुमेह असेल तर जादा दर, हृदयाची शस्त्रक्रिया झाली असेल तर बहुधा नकार. म्हणून कंपन्यांची झटापट ही तिशीतल्या निरोगी माणसासाठी असते. मोफत तपासणी, चालण्याच्या पावलांवर सवलत, क्लेम न केल्याबद्दल नो क्लेम बोनस, हे सगळं त्याला ओढण्यासाठी. यात गैर काही नाही, पण त्यातून आजारपणाचा एकूण खर्च एक रुपयाने कमी होत नाही. तो कोणाच्या गळ्यात पडायचा, एवढंच बदलतं.

दुसरी झटापट एजंट आणि बँकांसाठी. आपण पॉलिसी बहुतेक वेळा ओळखीच्या एजंटाकडून किंवा बँकेच्या काउंटरवरून घेतो. तिथे जागा मिळवायची तर कमिशन द्यावं लागतं. २०२३ पासून कमिशनवरची वेगळी मर्यादा काढून सगळ्या खर्चाची मिळून एकच मर्यादा ठेवली गेली: सर्वसाधारण विमा कंपन्यांना जमा हप्त्याच्या ३० टक्के, फक्त आरोग्य विमा विकणाऱ्यांना ३५ टक्के. विकणाऱ्यासाठी जी स्पर्धा होते तिने खर्च वाढतो, आणि तो खर्च शेवटी हप्त्यातच असतो.

भावाची खरी घासाघीस एकाच ठिकाणी होते. हिंजवडीतल्या एखाद्या आयटी कंपनीला दोन हजार कर्मचाऱ्यांचा विमा काढायचा असतो. ती दरवर्षी दर मागवते आणि विमा कंपन्या अक्षरशः तुटून पडतात. अशा समूह पॉलिसीत जमा झालेल्या पैशांतला फार मोठा भाग क्लेमच्या रूपाने परत जातो. देशात विम्याचं कवच असलेल्या दर दहा माणसांत स्वतःच्या खिशातून वैयक्तिक पॉलिसी घेणारा साधारण एकच. बाकीचे सरकारी योजनेत किंवा नोकरीच्या समूह विम्यात. मामांसारख्या त्या एकट्याच्या मागे दर मागवणारं कोणी नसतं.

दोन पॉलिसी शेजारी ठेवून बघा

तांदूळ घेताना आपण इंद्रायणीचा भाव दोन दुकानांत विचारू शकतो. पॉलिसीत तसं जमत नाही, कारण कोणत्याच दोन पॉलिसी सारख्या नसतात. एकीत खोलीभाड्याला मर्यादा, दुसरीत गुडघेबदलाच्या रकमेला, तिसरीत को-पे, म्हणजे प्रत्येक बिलातला ठरावीक टक्का आपल्या खिशातून.

खोलीभाड्याची अट कशी चावते ते बघा. विमा ५ लाखांचा, खोलीभाडं दिवसाला १ टक्का, म्हणजे ५,००० पर्यंत. तुम्ही ८,००० ची खोली घेतली. तुम्हाला वाटतं की वरचे ३,००० आपण भरू. पण शस्त्रक्रिया, डॉक्टरांची फी वगैरे खोलीच्या दर्जानुसार बदलणारा खर्चही पाच-अष्टमांशच मिळतो. तो १ लाख ६० हजार असेल तर कंपनी १ लाख देते, ६० हजार तुम्ही भरता. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या कपातीतून २०२० मध्ये नियामकाने वगळल्या, हे चांगलं झालं. पण पॉलिसी घेताना ही अट कोणाच्या लक्षात येते? मामा आयुष्यभर गणित शिकवत होते. त्यांनाही आली नव्हती.

यावर एक चांगला उपाय निघाला होता आणि तो मागे पडला याचं मला वाईट वाटतं. १ एप्रिल २०२० पासून प्रत्येक कंपनीने 'आरोग्य संजीवनी' नावाची एकाच मजकुराची पॉलिसी विकावी असा नियम झाला. अटी सगळीकडे त्याच: ५ टक्के को-पे, खोलीभाडं विम्याच्या २ टक्के आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये. फरक फक्त हप्त्यात. म्हणजे इंद्रायणीसारखा भाव विचारता येईल असा माल. मामांना एजंटाने तिचं नावही कधी सांगितलं नव्हतं.

पहिली वर्षं स्वस्त, पुढची महाग

क्लेम केला म्हणून एकट्या तुमचा हप्ता कंपनी वाढवू शकत नाही, आणि क्लेम केला म्हणून नूतनीकरणही नाकारू शकत नाही. हे संरक्षण मोठं आहे. हप्ता वाढतो तो त्या पॉलिसीतल्या सगळ्यांचा, किंवा तुमच्या वयाच्या गटाचा.

आता पुन्हा खाणावळीकडे. मालक जुनी खाणावळ बंद करत नाही, पण नवे विद्यार्थी तिथे पाठवत नाही. शेजारी नव्या नावाने दुसरी उघडतो, दर कमी, भिंतींना नवा रंग. जुन्या खाणावळीत जुनेच मेंबर राहतात आणि त्यांचं वय वाढत जातं. विम्यातही नव्या नावाची पॉलिसी येते, जाहिरात तिचीच होते, तरुण तिच्यात जातात. जुन्या पॉलिसीत पन्नाशी-साठी ओलांडलेले उरतात. त्यांचे क्लेम वाढतात, म्हणून हप्ता वाढतो, म्हणून त्यांतले निरोगी लोक बाहेर पडतात. मामांची पॉलिसी २०१२ ची होती. त्या नावाची पॉलिसी विकताना मी तरी अलीकडे कोणाला पाहिलेलं नाही.

"मग कंपनी बदलावी की!"

बदलता येते. १ ऑक्टोबर २०११ पासून 'पोर्टेबिलिटी' आहे. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलतो, तसं विम्यात जुन्या आजारांच्या प्रतीक्षेची संपलेली वर्षं सोबत नेता येतात. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं (२०२४ पर्यंत ही मर्यादा चार वर्षं होती), त्यामुळे ही सोय मोलाची आहे.

फरक एकच, पण जबरदस्त. मोबाइल कंपनी तुम्हाला घ्यायला नाही म्हणत नाही, विमा कंपनी म्हणू शकते. पोर्ट करून येणाऱ्यालाही ती नव्याने तपासून बघते. १ एप्रिल २०२४ पासून पॉलिसी घेण्याची ६५ ची वयोमर्यादा गेली, पण दार असणं आणि ते उघडणं यात अंतर आहे. मामांनी दोन कंपन्यांकडे अर्ज केले. एकीने मधुमेह आणि रक्तदाब बघून नकार दिला. दुसरीने होकार दिला, पण प्रत्येक बिलात २० टक्के को-पे लावून. मामा आहेत तिथेच राहिले.

ज्याला कंपनी बदलायची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती बदलता येत नाही. गिऱ्हाईक जाऊ शकत नाही हे दुकानदाराला ठाऊक असलं, तर शेजारी तीस दुकानं असून उपयोग काय?

बिल तर रुग्णालय बनवतं

हप्त्याच्या मुळाशी रुग्णालयाचं बिल आहे. खाणावळवाला बाजारात भाव करून भाजी आणतो, पण विमा कंपनीला तसं सहज जमत नाही. रुग्णालय रुग्ण निवडतो, तपासण्या डॉक्टर ठरवतात, पैसे तिसराच देतो. आणि भरतीच्या काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "इन्शुरन्स आहे का?" त्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं बिल कसं वळण घेतं, हे ज्याने घरचं आजारपण काढलं आहे त्याला मी सांगायला नको.

इथे एक उलटी गोष्ट घडते. इतर धंद्यांत विक्रेते जास्त तर भाव कमी. पण रुग्णालयासमोर विमा कंपनी ही गिऱ्हाईक असते. तीस कंपन्या म्हणजे तीस छोटी गिऱ्हाइकं. पुण्या-मुंबईतलं मोठं रुग्णालय एखाद्या कंपनीला सहज म्हणू शकतं, "हा दर परवडत नसेल तर तुमच्या लोकांना कॅशलेस मिळणार नाही." कॅशलेस म्हणजे रुग्णाचं बिल कंपनीने परस्पर रुग्णालयाला भरण्याची सोय. ती गेली की शिव्या कंपनीलाच बसतात.

२०१० च्या जुलैमध्ये चारही सरकारी कंपन्यांनी एकत्र येऊन मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि बंगळुरूतल्या अनेक मोठ्या रुग्णालयांचं कॅशलेस थांबवलं आणि ठरलेले दर मान्य करणाऱ्यांची नवी यादी केली. चौघींचं मिळून वजन मोठं होतं, म्हणून हे जमलं. तेव्हाही मधल्या मध्ये रुग्णांचे हाल झालेच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तेच, फक्त उलट्या बाजूने. रुग्णालयांच्या संघटनेने विमा कंपन्या जुनेच दर देतात म्हणून उत्तर भारतात कॅशलेस बंद करण्याचा इशारा दिला. चर्चा होऊन ते मिटलं, पण दोरी कोणाकडे आहे ते दिसलं.

विमा कंपन्यांवर नियामक आहे. २९ मे २०२४ च्या परिपत्रकाने कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायला लावली. रुग्णालयांच्या दरांवर असा कोणी राखणदार नाही. ठरवलं तर काय होऊ शकतं हे आपण महाराष्ट्रात पाहिलं आहे. कोविडच्या पहिल्या लाटेत, मे २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांसाठी दर बांधले: साधा वॉर्ड दिवसाला ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. अंमलबजावणीत पळवाटा खूप निघाल्या, तरी बिलावर बोट ठेवून विचारायला लोकांच्या हातात एक कागद आला.

"हे सगळं ठीक, पण कंपन्याच पैसे खातात ना?"

काही प्रमाणात, हो. हिशेब असा लावतात: १०० रुपये हप्त्यातले किती रुपये क्लेमवर गेले? २०२३-२४ मध्ये सरकारी कंपन्यांचे सुमारे १०३ गेले, म्हणजे त्या तोट्यात. खासगी सर्वसाधारण कंपन्यांचे सुमारे ८९. फक्त आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांचे सुमारे ६५.

त्या ६५ मागे एक कारण आहे. या कंपन्यांकडे वैयक्तिक पॉलिसी जास्त, आणि वैयक्तिक पॉलिसी विकायला खर्च जास्त. तरीही १०० पैकी ३५ रुपये कमिशन, जाहिरात, पगार आणि नफ्यात जावेत, हे माझ्या मते फार झालं. अमेरिकेत वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यातले किमान ८० टक्के उपचारांवर आणि त्यांच्या दर्जावर खर्च झाले नाहीत, तर फरक ग्राहकांना परत द्यावा लागतो. आपल्याकडे अशी सक्ती नाही. ती यायला हवी.

"सरकारने लगाम घालावा"

३० जानेवारी २०२५ रोजी नियामकाने तसा घातला. साठ वर्षांवरच्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर आधी नियामकाशी चर्चा करावी लागते. मामांसाठी हा मोठाच दिलासा. पण आतला खर्च त्याहून वेगाने वाढत असेल, तर कंपनी फरक कुठून तरी काढणारच: तरुणांच्या हप्त्यातून, नव्या ज्येष्ठांना नकार देऊन, किंवा क्लेम घासून. झाकण दाबलं म्हणून खालचा जाळ कमी होत नाही.

जीएसटीचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के कर शून्य झाला. त्या ऑक्टोबरात मामांचा हप्ता ५२,६०० वरून ४९,००० वर आला आणि त्यांना वाटलं, विमा स्वस्त झाला. मी हिशेब करून दाखवला. आधीच्या ५२,६०० मध्ये मूळ हप्ता ४४,६०० च्या आसपास, बाकी कर. मूळ हप्ता १० टक्क्यांनी वाढून ४९,००० झाला होता. कर गेल्यामुळे ती वाढ दिसली नाही. कर एकदाच जातो, मूळ हप्ता मात्र पुढच्या वर्षीही वाढू शकतो.

दुसरीकडे कसं जमवलं?

नेदरलँड्सने २००६ मध्ये खाणावळीचा नियमच बदलला. तिथेही विमा खासगी कंपन्याच विकतात. पण प्रत्येक प्रौढाने मूलभूत विमा घ्यायचाच, म्हणजे विद्यार्थी पळून जाऊ शकत नाहीत. कंपनीने येईल त्याला घ्यायचं, वय आणि आजार बघून दर बदलायचा नाही. जिच्याकडे आजारी लोक जास्त, तिला समाईक निधीतून भरपाई मिळते. पैलवान आला तर त्याच्या जादा भाकऱ्यांचे पैसे खाणावळीला मिळतात, मग त्याला हाकलायचं कशाला? दरवर्षी कोणालाही कंपनी बदलता येते, मधुमेह असो की कर्करोग. तिथेही हप्ते वाढतातच, आणि वर्षाला ३८५ युरोपर्यंतचा खर्च आधी स्वतः सोसावा लागतो. पण ज्याला गरज आहे त्याला दार बंद नसतं.

ऑस्ट्रेलियात खासगी विम्यात सगळ्यांना एकच दर होता, पण विमा घेण्याची सक्ती नव्हती. तरुण बाहेर पडू लागले आणि तालमीशेजारची गोष्ट देशभर घडली. म्हणून जुलै २००० पासून तिशी उलटल्यावर उशिरा येणाऱ्याला उशिराच्या प्रत्येक वर्षामागे २ टक्के जादा दर लावला, जास्तीत जास्त ७० टक्के.

आपल्याकडे सक्ती आज शक्य नाही. रोजंदारीवरच्या माणसाला विमा घ्या म्हणून कायद्याने सांगणं अन्यायाचं होईल. पण आजारी ग्राहकांमागे कंपन्यांना भरपाई देणारा समाईक निधी, पोर्ट करून येणाऱ्या जुन्या ग्राहकाला नकार देण्यास बंदी, आणि रुग्णालयांच्या दरांवर नियामक, या तीन गोष्टींना सक्तीची गरज नाही. त्यांतली पोर्टची बंदी तर मला उद्या सकाळी झालेली हवी आहे.

मामांचं पुढे

मामेभाऊ २९ वर्षांचा आहे. नोकरीच्या समूह विम्यावर विसंबून होता. नोकरी गेली तर तो विमाही जातो, हे कळल्यावर त्याने स्वतःची वेगळी पॉलिसी घेतली. त्यासाठी आरोग्य संजीवनीचे पाच कंपन्यांचे दर कागदावर मांडले आणि मग त्या दरांशी ताडून इतर पॉलिसी बघितल्या.

मामांची पॉलिसी दर ऑक्टोबरात संपते. पोर्टसाठी अर्ज दीड महिना आधी करावा लागतो हे कळल्यापासून ते जुलैतच फाइल काढून बसणार आहेत. परवा फोन केला तेव्हा भिंग घेऊन अटींची पुस्तिका वाचत होते. म्हणाले, "पान १७. खोलीभाड्याची ओळ सापडली. आता को-पे कुठे लिहिलाय ते सांग."